वाशीचा धारण तलाव आणि पाच विभागांचा एक वर्ग: एक प्रकरण अभ्यास

नवी मुंबईतील एका विद्यापीठाने दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) एक खुला वैकल्पिक अभ्यासक्रम सुरू केला. अभ्यासाचा विषय होता वाशी परिसरातील एक धारण तलाव. शहरात त्याला सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. स्थापत्य अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र, विधी, सामाजिक वैद्यकशास्त्र आणि मराठी या पाच विभागांतील प्राध्यापकांनी हा अभ्यासक्रम मिळून शिकवायचा, असे ठरले होते. सत्राच्या पूर्वार्धात तो केवळ नावापुरता एकत्र होता. उत्तरार्धात तो खऱ्या अर्थाने एकत्र झाला. हा बदल कशामुळे घडला, त्यातून विद्यार्थ्यांना काय मिळाले आणि विद्यापीठाच्या कारभाराला तो पेलताना कुठे अडचण आली, याची नोंद येथे केली आहे. अभ्यासक्रमाच्या नियोजनात माझा सहभाग होता, त्यामुळे हे लेखन तटस्थ निरीक्षकाचे नाही. एका शहरात राहून त्या शहराचा प्रश्न पाच विभागांनी मिळून शिकवणे हे विद्यापीठाच्या मूळ कामापैकीच एक काम आहे, अशी माझी ठाम धारणा आहे आणि ती पुढील मांडणीत दिसेल.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम यांना श्रेयांक मिळू लागले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संगीत घ्यावे, वाणिज्याच्या विद्यार्थिनीने मानसशास्त्र घ्यावे, याची वाट त्यामुळे मोकळी झाली. परंतु विद्यार्थ्याने दोन विभागांचे दोन विषय घेतले म्हणून त्या दोन विभागांची गाठ पडतेच असे नाही. संगीताच्या प्राध्यापकांना आपल्या वर्गात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी बसला आहे याची जाणीव हजेरीपटावरून होते, शिकवण्यात मात्र काडीचाही फरक पडत नाही. विषयांची निवड वाढली, तरी विषयांतला संवाद आपोआप वाढत नाही. या प्रकरणातील अभ्यासक्रमाची सुरुवातही अशीच झाली होती.

धारण तलावाची निवड मात्र अतिशय योग्य होती आणि त्याचे कारण समजण्यासाठी या शहराची जडणघडण थोडी पाहावी लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीकाठची शेते, मिठागरे व खाजणे यांवर भराव टाकून नवी मुंबई वसवण्यात आली. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे पावसाळी पाणी थेट खाडीत सोडून चालत नाही. म्हणून डच पद्धतीच्या धर्तीवर खाडीकाठी बांध घालून त्याच्या आत तलाव खोदले गेले. पावसाळी गटारांचे पाणी आधी तलावात येते. तलावाच्या खाडीकडील तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. ओहोटीला तलावातील पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असते तेव्हा त्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला खाडीचे पाणी चढले की त्याच दाबाने बंद होतात. भरतीच्या काही तासांत जेवढा पाऊस पडेल तेवढा तलावाने पोटात साठवायचा आणि ओहोटी लागली की खाडीला द्यायचा, अशी ही साधी आणि बुद्धिमान व्यवस्था आहे.

ती आज पूर्वीसारखी चालत नाही. तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरांची झाडे वाढली आणि साठवण कमी झाली. गाळ काढायचा तर कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचे जंगल, आडवे येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. त्यानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम त्याखेरीज आहेत. एका बाजूला पावसाळ्यात तुंबणारे रस्ते, दुसऱ्या बाजूला कायद्याने जपलेली झाडे, आणि काठावरच्या सोसायट्यांची डासांबद्दलची तक्रार. प्रश्न कोणत्या एका विभागाचा आहे, हे सांगता येत नाही. अभ्यासासाठी तो घेण्याचे हेच कारण होते.

पहिला अहवाल

पूर्वार्धात प्रत्येक विभागाला ठरावीक आठवडे वाटून दिले होते. प्रत्येकाने आपापला भाग उत्तम शिकवला. जलनिस्सारणाची गणिते झाली, कांदळवनातील प्रजाती झाल्या, पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ झाला, डासांमुळे होणारे आजार झाले, मुलाखत कशी घ्यावी आणि लिहावी हेही झाले. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या मिश्र गटांनी अहवाल सादर केले.

त्यांतील एक अहवाल बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण बाकीचेही थोड्याफार फरकाने तसेच होते. त्यात पाच प्रकरणे होती. पहिल्या प्रकरणात, तलाव मूळ खोलीपर्यंत उपसावा, अशी शिफारस होती. दुसऱ्यात, तलावातील तिवरांना हात लावू नये, असे म्हटले होते. तिसऱ्यात न्यायालयाच्या आदेशांचा अचूक गोषवारा होता, पण त्याचा पहिल्या दोन प्रकरणांशी काय संबंध, याबद्दल एक ओळही नव्हती. चौथ्या प्रकरणात, तलावामुळे परिसरात डेंग्यू पसरतो, हे रहिवाशांचे म्हणणे जसेच्या तसे निष्कर्ष म्हणून आले होते. पाचव्यात मुलाखती होत्या. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने पहिले प्रकरण लिहिले, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने दुसरे, आणि दोघांनी एकमेकांचे लिखाण वाचलेलेच नव्हते. एकाच बांधणीत दोन परस्परविरोधी शिफारशी सुखाने नांदत होत्या.

विशेष म्हणजे जुन्या पद्धतीने तपासले असते तर या अहवालाला चांगले गुण मिळाले असते. प्रत्येक प्राध्यापकाने आपले प्रकरण तपासले असते आणि प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी बरोबर होते. तो वाईट ठरला तो पाचही जणांनी एका टेबलाभोवती बसून सलग वाचला म्हणून. त्या बैठकीत स्थापत्य आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांमध्ये जो वाद झाला, तो विद्यार्थ्यांसमोर व्हायला हवा होता, हे सगळ्यांच्याच लक्षात आले आणि उत्तरार्धाची रचना तिथेच बदलली.

एक प्रश्न, एकच वर्ग

नव्या रचनेत विभागवार व्याख्याने बंद झाली. पाचही प्राध्यापक एकाच वेळी वर्गात बसू लागले आणि संपूर्ण उत्तरार्धासाठी एकच प्रश्न ठेवला गेला: उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर या तलावाच्या पाणलोटातील पाणी कुठे जाईल? प्रश्न मुद्दाम पाण्याचा ठेवला होता, कुठल्याही शास्त्राचा नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस या विद्यार्थ्यांनी अनुभवलेला नाही, परंतु त्यांच्या प्रत्येकाच्या घरात त्याची आठवण आहे. त्यामुळे प्रश्न परका वाटला नाही.

पहिली अडचण वेळेची आली. झडपा उघडताना आणि बंद होताना पाहायच्या, तर एक संपूर्ण भरती काठावर उभे राहून पाहावी लागते, आणि भरती काही विद्यापीठाचे वेळापत्रक पाहून येत नाही. मुलाखतींच्या निमित्ताने वाशी गावातील एका वृद्ध कोळी गृहस्थांशी ओळख झाली होती. विद्यार्थिनींनी त्यांना विचारले, “काका, भरतीची वेळ तुम्ही कशी काढता?” त्यांनी किनाऱ्यावर सर्वत्र चालणारा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत यावे तसा थोडा उशीर धरायचा.

वर्गातील संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने हा नियम फळ्यावर तपासला. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथींत भरतीची वेळ सरासरीने चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपटीच्या नियमात ती ४५ मिनिटे धरली आहेत. तिथीमागे तीन मिनिटांची ही तूट पंधरवड्याअखेर पाऊण तासाची होते, पण पौर्णिमेला आणि अमावास्येला मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्यामुळे ती साचत जात नाही. प्रत्यक्ष भरती सरासरीच्या मागेपुढे होते, हेही तिने छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून दाखवले. होडी काढायची की नाही, एवढे ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे आणि झडपेच्या नोंदीसाठी कोष्टक हवे, असा निष्कर्ष वर्गाने काढला. मुलाखत ही ‘लोकांचे मत’ या प्रकरणात टाकून मोकळे होण्याची गोष्ट नाही, तिच्यात तपासता येण्याजोगे ज्ञान असते, हे त्या दिवशी मराठीच्या प्राध्यापकांना वेगळे सांगावे लागले नाही.

त्या हिशेबानेच क्षेत्रभेटीचा दिवस ठरला. अमावास्येच्या आसपास पहाटे सहाच्या सुमारास ओहोटी तळाला असते आणि दुपारी बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते, म्हणजे एका सकाळीत पाण्याची पूर्ण चढण पाहता येते. महापालिकेची रीतसर परवानगी घेऊन विद्यार्थी उजाडताच बांधावर पोहोचले. त्यांनी झडपांच्या आत आणि बाहेर मोजपट्ट्या लावल्या आणि ठरावीक वेळाने दोन्हीकडच्या पातळ्या टिपल्या. सकाळी तलावातले पाणी खाडीकडे वाहत होते. पाणी चढू लागल्यावर झडपा एकेक करून मिटल्या. एक मात्र पूर्ण मिटली नाही. तिच्या चौकटीत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनच्या जाळ्याचा गुंता अडकला होता, आणि त्या फटीतून खाडीचे गढूळ पाणी जोरात आत येत होते.

स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी ‘देखभालीतील त्रुटी’ अशी नोंद केली. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी मात्र त्या पाण्याकडे वाकून पाहत राहिली, कारण त्यातून तिवराची फळे वाहत येत होती. तिवराचे बी झाडावर असतानाच रुजू लागते, गळून पडल्यावर पाण्यावर तरंगते आणि चिखलाचा आधार मिळेल तिथे मूळ धरते. तलावात तिवरे कुठून आली, या प्रश्नाचे एक उत्तर त्या फटीत होते: भरतीबरोबर गाळही येत होता आणि त्या गाळात रुजणारी बीजेही. मग विधीच्या विद्यार्थ्याने पुढचा दुवा जोडला. एकदा तिवर रुजून वाढले की ते कांदळवन ठरते, जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर त्याचे संरक्षण अवलंबून नाही, आणि मग गाळ काढण्याचे साधे काम परवानग्यांच्या लांब वाटेने जाते. एका झडपेची न झालेली सफाई काही वर्षांनी न्यायालयाच्या दारात जाऊन उभी राहते, हा कार्यकारणभाव पाच प्रकरणांच्या पहिल्या अहवालात कुठेही नव्हता. तो कोणत्याही एका विभागाच्या हाताला लागणारा नव्हताच. झडप एकाची, बी दुसरीचे, कलम तिसऱ्याचे. ते तिघे एकाच बांधावर, एकाच वेळी उभे होते म्हणून तो दिसला.

एका भेटीतील निरीक्षणावरून संपूर्ण तलावाचा इतिहास सिद्ध होत नाही, हे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना वारंवार बजावले आणि अंतिम अहवालात ती मर्यादा स्पष्टपणे लिहिली गेली.

डासांच्या बाबतीतही असेच घडले. पहिल्या अहवालातील डेंग्यूचा निष्कर्ष सामाजिक वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापिकेने वर्गातच खोडून काढला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतालच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, उघडी पिंपे. तलावाकाठच्या साचलेल्या घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स वाढतो. त्याचा उपद्रव खरा आहे, पण तो डेंग्यूचा वाहक नाही. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती, तिचे निदान चुकले होते. तलाव उपसण्याच्या बाजूने डेंग्यूचा आधार घेऊ पाहणाऱ्या गटाला आपला एक प्रमुख मुद्दा सोडावा लागला, आणि त्याच गटाने नंतर सोसायट्यांसाठी सोप्या मराठीत एक पत्रक तयार केले. मला स्वतःला ते पत्रक या अभ्यासक्रमातील सर्वांत उपयुक्त लेखन वाटते.

दुसरा अहवाल आणि मूल्यमापन

अंतिम अहवाल पहिल्यापेक्षा आखूड होता. त्यात विभागवार प्रकरणे नव्हती. झडपांची दुरुस्ती आणि नियमित सफाई, पावसाळी गटारांच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळ्या, तिवरे नसलेल्या भागातील गाळ आधी काढणे, उरलेल्या भागासाठी आवश्यक परवानग्यांचा क्रम आणि तोपर्यंत भरतीच्या वेळी पाणी उपसण्यासाठी पंपांची सोय, अशा त्याच्या शिफारशी होत्या. यांतली एकही नवलाची नाही आणि महापालिकेच्या अभियंत्यांना यांतले बरेच आधीपासून ठाऊक आहे. शैक्षणिक दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की प्रत्येक शिफारशीखाली ती कोणत्या आक्षेपामुळे बदलली, हे लिहिलेले होते. ‘संपूर्ण तलाव उपसावा’ हे वाक्य ‘तिवरे नसलेला भाग आधी उपसावा’ येथपर्यंत कसे पोहोचले, याचा माग वाचकाला लागत होता.

तोंडी परीक्षेत एकच नियम ठेवला होता: विद्यार्थ्याला प्रश्न दुसऱ्याच्या विषयातला विचारायचा. विधीच्या विद्यार्थ्याने फळ्यावर तलाव आणि खाडी यांच्या पातळ्यांच्या दोन रेषा काढून झडप नेमकी केव्हा उघडेल, ते दाखवले. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला, वीतभर उंचीचे तिवराचे रोप काढून टाकता येईल का, असे विचारले. त्याने नाही म्हटले आणि का नाही, तेही सांगितले. वर तलावाच्या साठवणीच्या गणितात ती जागा वजा धरली पाहिजे, हे न विचारता जोडले. त्याच्या उत्तरात कायदा आणि गणित दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले नव्हते. परीक्षा घेणाऱ्याला याहून अधिक काय हवे असते?

एकाच माणसात दोन शास्त्रे एकत्र आल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. त्यांनी तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांची वजने मोजली आणि चलनात फिरताना नाणी किती झिजतात, याच्या संख्याशास्त्रावरून इतिहासाच्या प्रश्नांना हात घातला. परंतु विद्यापीठाने कोसंबींसारख्या व्यक्तीची वाट पाहत बसणे योग्य नव्हे. सर्वसाधारण बुद्धीचे, आपापल्या विषयात पक्के असलेले पाच प्राध्यापक आणि एक नीट निवडलेला प्रश्न एवढ्यावर बरेच काही साधते, असे या प्रकरणातून दिसते. ‘आपापल्या विषयात पक्के’ ही अट मात्र सुटत नाही. तिवराचे फळ ओळखता येणारी विद्यार्थिनी त्या दिवशी बांधावर नसती, तर ते पाणी केवळ गढूळ पाणी राहिले असते. आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणजे सगळ्यांना सगळ्याचे थोडेथोडे, असा समज रूढ होत आहे आणि तो मला घातक वाटतो.

कारभाराची बाजू

उत्तरार्धातील प्रयोगाला सर्वांत मोठा अडथळा आला तो कार्यभाराच्या नोंदवहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना चौदा. दोन तासांच्या वर्गात पाच जण एकत्र शिकवत असतील, तर कोणाच्या नावावर किती तास मांडायचे? कार्यालयाने दोन तासांना पाचाने भागले आणि प्रत्येकाला चोवीस मिनिटे दिली. प्रत्यक्षात प्रत्येकाने पूर्ण दोन तास वर्गात काढले होते आणि त्याआधी तयारीसाठी एकमेकांबरोबर बसण्याचा वेळ वेगळाच होता, तो तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. कनिष्ठ प्राध्यापकांना ही तूट आपल्या विभागात जादा तास घेऊन भरून काढावी लागली. कार्यालयाचा यात दुष्टपणा नव्हता; नोंदवहीत एका तासाला एकच शिक्षक, एवढीच कल्पना होती. पण सहकार्याची किंमत प्राध्यापकांच्या उत्साहातून वसूल होत राहिली, तर उत्साह एका सत्रापुरताच टिकतो.

वेळापत्रकाचा प्रश्न त्यामानाने सोपा ठरला. विधीचे वर्ग सकाळी आणि अभियांत्रिकीची प्रात्यक्षिके दुपारी, यांत एक समान वेळ विद्यापीठाच्या पातळीवर राखून ठेवली गेली. क्षेत्रभेटींच्या तारखा भरतीच्या कोष्टकावरून सत्रारंभीच जाहीर करता येतात, हे लक्षात आल्यावर तोही गुंता सुटला.

काही गोष्टी साधल्या नाहीत. अर्थशास्त्र विभाग यात नव्हता आणि त्याची उणीव जाणवली, कारण तुंबलेल्या रस्त्यांचे नुकसान आणि झडपांच्या देखभालीचा खर्च यांची तुलना कोणालाच नीट मांडता आली नाही. शिवाय ही पद्धत मोठ्या वर्गाला झेपणारी नाही. पाच प्राध्यापक आणि बांधावर उभी राहू शकेल एवढी तुकडी, हे तिचे प्रमाण आहे, आणि शेकडो विद्यार्थ्यांच्या खुल्या वैकल्पिक विषयांना ते सरसकट लावता येणार नाही.

पुढील वर्षासाठी नियोजन समितीने विद्या परिषदेकडे दोन मागण्या ठेवल्या आहेत. संयुक्त वर्गात उपस्थित असलेल्या प्रत्येक प्राध्यापकाच्या नावावर त्या वर्गाचे पूर्ण तास धरावेत, मात्र अशा वर्गांची संख्या प्रत्येक विभागाला सत्रात एकापुरती मर्यादित ठेवावी, ही पहिली. संयुक्त अहवालाला विभागवार गुण न देता सर्व परीक्षकांनी मिळून एकच गुण द्यावा आणि मतभेद झाल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावीत, ही दुसरी. पहिल्या मागणीला वित्त विभागाचा आक्षेप आहे आणि त्यावर चर्चा चालू आहे. दुसरी तत्त्वतः मान्य झाली आहे. दरम्यान स्थापत्य विभागाने आपल्या नियमित जलनिस्सारणाच्या विषयात तिवरांनी व्यापलेल्या तलावाच्या साठवणीचे उदाहरण घातले आहे, आणि विधी विभागाच्या पर्यावरण कायद्याच्या वर्गाला येत्या सत्रात झडपेचे काम समजावून सांगायला स्थापत्याचे प्राध्यापक जाणार आहेत.